एका पिवळ्या चूर्णाचा इतिहास

इ. स. १९२८ सालीं मुंबईच्या परळ भागांतील हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें एक इंग्रज डॉक्टरीणबाई काम करूं लागल्या. त्यांचें नांव ल्यूसी विल्स. केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास करून त्या पुढें लंडनमध्यें वैद्यक शिकल्या होत्या. हिंदुस्थानांत बाळंतपणांत दगावणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण इतकें मोठें कां, याची चौकशी त्या सुमारास चालू होती. त्या कामीं डॉ. मार्गारेट बालफोर यांनीं विल्सबाईंना बोलावून घेतलें होतें.

मुंबईच्या गरीब वस्त्यांतील कित्येक स्त्रिया गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पांढऱ्याफटक पडत. चार पायऱ्या चढतांना धाप लागे, अन्न नकोसें होई, आणि प्रसूतीचे श्रम सोसण्याचें त्राण त्यांच्या अंगीं उरत नसे. कित्येक जणी त्यांतच मृत्यु पावत. घरचीं माणसें दैवाला बोल लावीत. विल्सबाईंनीं मात्र रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला. त्यांत तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसल्या. लोहाच्या उणिवेमुळें होणाऱ्या साध्या पांडुरोगांत त्या लहान असतात. तेव्हां हा रोग निराळा होता, एवढें उघड झालें.

पहिला संशय गेला जंतूंवर. आंतड्यांतील जंतूंची तपासणी झाली. पण गुन्हेगार सांपडला नाहीं. मग शोधाची दिशा प्रयोगशाळेकडून स्वयंपाकघराकडे वळली. कोणत्या घरांतील स्त्री काय खाते, याची बारकाईनें टिपणें झालीं. भाजीपाला, फळें, दूध यांचा ज्या घरांत क्वचितच प्रवेश होई, तेथें रोगाचा जोर अधिक होता. गरीब मुसलमान स्त्रियांत तो विशेष आढळला. तेव्हां रोगाचें मूळ एखाद्या जंतूंत नसून ताटांत जें वाढलेंच जात नव्हतें त्यांत असावें, असा तर्क बळावला.

तर्क म्हणजे सिद्धान्त नव्हे. म्हणून त्या स्त्रियांच्या आहारासारखाच निकृष्ट आहार पांढऱ्या उंदरांना देण्यांत आला. उंदीर पांडुरोगी झाले. आहारांत यीस्ट घातलें असतां रोग टळूं लागला. वरकरणी सारें कोडें सुटलें होतें. परंतु उंदरांच्या रक्तांत बार्टोनेला नांवाचे जंतु आढळले. त्यांच्या अंगावरील उवांच्या द्वारें ते पसरत होते. म्हणजे उंदरांचा पांडुरोग हा स्त्रियांचा पांडुरोग नव्हता. ही गोष्ट विल्सबाईंनीं झांकून ठेवली नाहीं. हातचा दाखला निसटला, तो त्यांनीं निसटूं दिला आणि पुढील प्रयोग माकडांवर केले. असें सांगतात कीं, निकृष्ट आहारानें मरणाच्या दारीं पोंचलेल्या एका माकडाला त्यांनीं शेवटचा उपाय म्हणून यीस्टचा एक अर्क दिला. तो अर्क म्हणजे इंग्लंडांत पावाला लावून खाण्यांत येणारें मार्माइट. दारूच्या भट्टींत उरलेल्या यीस्टपासून तें तयार होतें. माकड सांवरलें.

मग तोच अर्क आजारी स्त्रियांना देण्यांत आला. कांहीं दिवसांतच त्यांच्या रक्तांत नव्या पेशी दिसूं लागल्या व मुखावर रंग परतला. हा निष्कर्ष इ. स. १९३१ मध्यें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाला. यकृत खाऊं घालून पर्निशियस नांवाचा भयंकर पांडुरोग बरा होतो, हें अमेरिकेंतील मायनॉट व मर्फी यांनीं इ. स. १९२६ मध्येंच दाखविलें होतें. त्या रोगांतहि तांबड्या पेशी मोठ्याच दिसतात. परंतु यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क त्या रोगावर गुणकारी ठरे, तो मुंबईच्या स्त्रियांवर चालेना. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र चाले. याचा अर्थ, यकृतांत दोन निरनिराळीं द्रव्यें होतीं, आणि शुद्धीकरणांत त्यांतील एक गळून जात होतें. त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स घटक' असें नांव पडलें.

येथवर काम वैद्यांचें होतें. आतां तें रसायनज्ञांच्या हातीं गेलें. इ. स. १९४१ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत मिचेल, स्नेल व विल्यम्स या तिघांनीं चार टन पालक घेऊन त्यांतून जंतूंच्या वाढीस लागणारें एक द्रव्य अत्यल्प प्रमाणांत वेगळें काढलें. पानाला लॅटिन भाषेंत 'फोलियम' म्हणतात. त्यावरून त्याला फॉलिक अॅसिड हें नांव मिळालें. ढीगभर पालेभाजींतून मिळावी चिमूटभर वस्तु, अशानें रोग्यांची गरज भागणें शक्य नव्हतें. तें कृत्रिम रीतीनें घडविणें प्राप्त होतें.

हें काम न्यूयॉर्क राज्यांतील लेडर्ली प्रयोगशाळेंत झालें. तेथील संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगड सुब्बाराव. आंध्रांतील भीमवरम् येथें इ. स. १८९५ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थांनीं मद्रासेस वैद्यक शिकून अमेरिका गांठली होती. स्प्रू नांवाच्या रोगानें घरांत झालेले मृत्यु त्यांनीं तरुणपणींच पाहिले होते. त्या रोगांतहि अन्न अंगीं लागत नाहीं व रक्त आटतें. इ. स. १९४५ मध्यें लेडर्लीच्या रसायनज्ञांनीं फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेंत तयार केलें. तें पिवळ्या रंगाचें चूर्ण होतें. मोठ्या पेशींच्या पांडुरोगावर व स्प्रूवरहि तें गुणकारी आहे, हें लवकरच सिद्ध झालें. परळच्या कोड्याचें उत्तर सतरा वर्षांनीं हातीं आलें होतें.

परंतु इतिहास येथें थांबला नाहीं. बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयांत सिडनी फार्बर नांवाचे डॉक्टर होते. रक्ताच्या कर्करोगानें म्हणजे ल्युकेमियानें ग्रासलेलीं मुलें त्यांच्यापुढें येत व आठवड्यामहिन्यांत प्राण सोडीत. फॉलिक अॅसिड रक्ताला बरें करतें, तर या मुलांनाहि तें हितकर व्हावें, या आशेनें त्या जातीचीं द्रव्यें कांहीं मुलांना देण्यांत आलीं. परिणाम उलटा झाला. रोगाचा वेग वाढला. जें द्रव्य मातेला तारत होतें, तेंच मुलाच्या रोगाला पोशीत होतें!

असा प्रसंग कोणत्याहि वैद्याची झोंप उडवील. फार्बर यांनीं मात्र त्यांतूनच नवा प्रश्न काढला. पेशींना विभागून वाढण्यासाठीं हें द्रव्य लागतें. कर्करोगाच्या पेशी तर अनावर वेगानें वाढतात. मग त्यांना हुबेहूब तसेंच दिसणारें पण निरुपयोगी द्रव्य दिलें तर? जात्यांत दाण्याऐवजीं खडा पडला म्हणजे जातें अडतें, तसें व्हावें. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेनें फॉलिक अॅसिडाच्या घडणींत किंचित् फरक करून अॅमिनोप्टेरिन नांवाचें असें द्रव्य पुरविलें. इ. स. १९४८ च्या जून महिन्यांत फार्बर यांनीं सोळा मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकीं दहांच्या प्रकृतींत स्पष्ट सुधारणा दिसली होती. ती टिकली नाहीं. कांहीं महिन्यांत रोग परतला. तरी या रोगाला औषधानें हटवितां येतें, हें प्रथमच दिसलें होतें. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें सुब्बाराव वारले.

अॅमिनोप्टेरिनचेंच भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. स्त्रियांना वारेच्या पेशींपासून होणारा एक कर्करोग या औषधानें समूळ बरा होतो, असें इ. स. १९५६ मध्यें ली व हर्ट्झ यांनीं दाखविलें. मुलांच्या ल्युकेमियावरील औषधयोजनेंत, तसेंच संधिवातावर, तें आजहि वापरलें जातें.

विल्सबाई इ. स. १९६४ मध्यें निवर्तल्या. त्यांच्या शोधाचें आणखी एक फळ त्यानंतर पिकलें. कांहीं बालकें पाठीच्या कण्याचें वा मेंदूचें आवरण न मिटतांच जन्मतात. सात देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष इ. स. १९९१ मध्यें बाहेर आला : असें मूल ज्यांना पूर्वीं झालें होतें, त्या मातांनीं गर्भधारणेपूर्वींपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास तो धोका शेंकडा ७२ नें कमी होतो. गर्भाचा हा भाग पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो. बहुधा मातेला आपण गरोदर आहों हें कळण्याच्याहि आधीं. म्हणून हें औषध आधींपासून घ्यावें, असा सल्ला आतां दिला जातो.

हिंदुस्थानांतील गर्भवती स्त्रियांना आज लोह व फॉलिक अॅसिड यांची गोळी दिली जाते. ती घेणारीला परळची प्रयोगशाळा ठाऊक नसते, बोस्टनचीं मुलेंहि ठाऊक नसतात. पण त्या गोळीमागें अनेकांचें ऋण आहे : हातचा दाखला चुकीचा ठरतांच तो सोडून देणाऱ्या बाईचें, भीमवरम्‌च्या वैद्याचें, उलट्या परिणामापुढें न डगमगलेल्या डॉक्टराचें. आणि सर्वांत आधीं, ज्यांचीं नांवें इतिहासानें नोंदविलीं नाहींत अशा मुंबईच्या त्या निर्धन स्त्रियांचें. कारण या साऱ्या विद्येचा आरंभ त्यांच्या रक्ताच्या एका थेंबापासून झाला.