मुलांचे मानसिक उपचार : केंद्रावर लक्ष कोणाचे, पालकांचे हक्क कोणते?

मूल रात्र-रात्र झोपत नाही, एकटेच बडबडते किंवा नशेच्या नादी लागते, तेव्हा घरचे आधी लपवतात. मग ताबीज होतो, मग कुणीतरी सांगितलेले एखादे केंद्र. त्या केंद्रावर लक्ष कोण ठेवतो, हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांसाठी ही माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत.

कायदा कोणता?
मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017. तो 2018 पासून लागू आहे. केंद्र सरकारी असो, खासगी असो, ट्रस्टचे असो वा युनानी-आयुर्वेदिक. मानसिक रुग्ण दाखल करून ठेवायचे तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवीच. बिननोंदणी केंद्राला पहिल्या वेळी 5 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे, पुन्हा पुन्हा केल्यास 5 लाखांपर्यंत.

18 वर्षांखालील मूल दाखल करताना
- अर्ज पालकाने करायचा. दोन तज्ज्ञांनी, त्यात किमान एक मानसोपचारतज्ज्ञ, मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले हवे.
- मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवायचे. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहते. मुलीजवळ वडील राहू शकत नसतील असे नाही, पण पालक पुरुष असेल तर सोबतीला स्त्रीच नेमायची.
- केंद्राने 72 तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे. मुक्काम 30 दिवसांवर गेला तर मंडळ दर 30 दिवसांनी आढावा घेते.
- पालकाने दाखल ठेवण्याची संमती काढून घेतली, तर मुलाला सोडावे लागते.

आई दाखल असेल तर तिच्या 3 वर्षांखालील बाळाला सहसा तिच्यापासून तोडता येत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे केंद्रावर बंधनकारक आहे. बिरादरीत बोभाटा होईल, या भीतीने उपचार टाळू नका.

साखळी नको
कुणालाही साखळीने बांधणे हा कायदा मना करतो. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. बांधून ठेवलेल्यांना पळता आले नाही. 28 जण गेले. दुआ जरूर करा, पण दवा थांबवू नका आणि लेकराला बांधू देऊ नका.

तक्रार कुठे?
आधी केंद्राच्या प्रमुखाकडे, समाधान झाले नाही तर मंडळाकडे. मंडळाचा पत्ता-फोन केंद्रात सर्वांना दिसेल असा लावणे सक्तीचे आहे. अर्जाला फी नाही. मुलाच्या दाखल होण्याला आव्हान दिले तर 7 दिवसांत निकाल द्यायचा असतो. मोफत वकिलासाठी 15100.

जायचे कुठे?
राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. खान्देशात त्यातले एकही नाही. त्यामुळे सुरुवात जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करा. घरबसल्या सल्ल्यासाठी टेलिमानस 14416, आणि मूल धोक्यात असेल तर 1098.