भिंतीवरचा फिकट हिरवा

भिंतीला देण्याजोगा हिरवा रंग निसर्गात फार थोड्या ठिकाणी तयार मिळतो. पानांचा हिरवेपणा उजेडात विटतो आणि चुन्यात तर मुळीच टिकत नाही. त्यामुळे माणसाच्या हाती आधी आली ती हिरवी माती. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातल्या पोकळ्यांमध्ये सेलाडोनाइट नावाचे हिरवे खनिज सापडते. अजिंठ्याच्या चित्रांत जो हिरवा दिसतो तो अशाच हिरव्या मातीचा. ही माती चमकदार नसते. तिच्यात करडेपणा असतो, झाकण्याची ताकद कमी असते आणि पांढऱ्यात मिसळली की ती आणखी मवाळ होते. मात्र ती उजेडाला आणि चुन्याला दाद देत नाही. आज घरासाठी आवडीने निवडली जाणारी करडसर फिकट हिरवी छटा मुळात या मातीच्या जातीची आहे.

तिच्याहून तजेलदार रंग हवा असेल तर तांब्याकडे वळावे लागे. तांब्यावर आंबट पदार्थाची क्रिया होऊन जे हिरवे किटण चढते ते जंगाल. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात घराघरांच्या तळघरांत मातीच्या भांड्यात तांब्याचे पत्रे आणि आंबलेला द्राक्षांचा चोथा यांचे थर रचून ते तयार करत. हा धंदा मुख्यतः बायकांच्या हाती होता. जवसाच्या तेलात जंगाल आणि शिशाचा सफेदा घोटला की भिंतीसाठी फिकट हिरवा तयार होई. अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या सधन घरांत त्याला मान होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील घरातल्या लहान भोजनगृहाच्या भिंती जंगालीच होत्या. रंग महाग, शिवाय काही वर्षांत तपकिरीकडे झुकणारा.

स्वस्त हिरवा आला तो विष घेऊन. १७७५ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांच्यापासून नवा हिरवा बनवला. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट येथे त्याहून उजळ आणि टिकाऊ भावंड निघाले; पुढे तेच पॅरिस ग्रीन म्हणून ओळखले गेले. ब्रिटनमध्ये १८३६ साली भिंतीच्या कागदावरचा कर उठला, छपाई यंत्रांवर होऊ लागली आणि मध्यमवर्गीय घरांच्याही खोल्या हिरव्या कागदांनी सजल्या. पांढऱ्यात थोडेसे मिसळले तरी हा रंग ताजा, प्रसन्न दिसे, हेच त्याच्या प्रसाराचे कारण.

धोक्याची सूचना लवकर मिळाली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लेओपोल्ड ग्मेलिन यांनी १८३९ मध्येच अशा कागदांच्या दमट खोल्यांतल्या उंदरासारख्या वासाकडे लक्ष वेधले आणि हे कागद काढून टाकावेत असे सांगितले. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातली मुले दगावली, तेव्हा संशय भिंतीवरच्या हिरव्या कागदावर आला. अमेरिकेत मिशिगनचे डॉ. रॉबर्ट केड्झी यांनी १८७४ मध्ये विषारी कागदांचे खरे तुकडे बांधून पुस्तकच तयार केले आणि त्याच्या प्रती राज्यातल्या ग्रंथालयांना धाडल्या. पुस्तक हाताळणेही धोक्याचे असल्याने बहुतेक प्रती पुढे नष्ट करण्यात आल्या.

विष भिंतीवरून शरीरात कसे जाते, हा प्रश्न अधिक अवघड ठरला. कागद चिकटवायची खळ दमट हवेत बुरशी धरते. ही बुरशी आर्सेनिकयुक्त वायू सोडते, असे इटलीच्या बार्तोलोमेओ गोझिओ यांनी १८९०च्या दशकात प्रयोगाने दाखवले. हा वायू समजला गेला तितका घातक नसावा असे मत अलीकडे पुढे आले आहे. तसे असेल तर सुटणाऱ्या रंगाची धूळच अधिक जबाबदार ठरते. नक्षीदार कागदांसाठी विख्यात असलेल्या विल्यम मॉरिस यांनी ही भीती अतिरंजित मानली. त्यांच्या कुटुंबाची संपत्ती आर्सेनिक काढणाऱ्या डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाण कंपनीतून आली होती आणि ते स्वतः तिचे संचालक होते. मोठ्या कलावंताची ही भूमिका त्याच्या नावाला शोभणारी नाही. ब्रिटनने या कागदांवर कायद्याने बंदी कधीच घातली नाही. गिऱ्हाइकांनी ते नाकारले म्हणून ते गेले.

सुटका क्रोमियमने केली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोक्लँ यांनी १७९७ मध्ये शोधलेल्या या धातूच्या ऑक्साइडचा हिरवा फारसा झळाळत नाही, पण तो उन्हात उडत नाही आणि चुन्याने बिघडत नाही. हा दुसरा गुण महाराष्ट्रातल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, कारण इथली भिंत पिढ्यान्‌पिढ्या चुन्याची. चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यात वाटेल ती पूड चालत नाही. पिवळा क्रोम आणि प्रशियन निळा मिसळून केलेला स्वस्त हिरवा चुन्यात लवकर बिघडतो. मोरचूद घातले तर निळसर हिरवी झाक येते. चुन्याचा हात ओला असताना गडद आणि सुकल्यावर बराच फिका दिसतो, म्हणून छटा ठरवण्याआधी रंगारी भिंतीवर पट्टा मारून तो सुकू देत.

विसाव्या शतकात फिकट हिरव्याला नवी प्रतिष्ठा रुग्णालयांनी दिली. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये शस्त्रक्रियागृहाच्या लख्ख पांढऱ्या भिंतींऐवजी हिरव्या भिंती स्वीकारल्या. रक्ताच्या लाल रंगाचा पूरक रंग हिरवा असल्याने डोळे दिपणे कमी झाले. १९३०च्या दशकात थॅलोसायनिन हिरवा आला. तो इतका तीव्र की चिमूटभर पुरतो. पिस्ता, पोपटी अशा मागेल त्या छटा डिस्टेंपर आणि इमल्शनमध्ये देणे त्यामुळे सोपे झाले.

शिसे मात्र तैलरंगांत रेंगाळले. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारे-खिडक्यांवरचा जुना हिरवा तैलरंग काढायचा असेल तर तो कोरडा खरवडू नये. ओला करूनच घासावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.