ओळखीची वही

पाकीट न फोडताही, पत्र कोणाला जाते एवढ्यावरून पुष्कळ काही कळते. टपालावर पाळत ठेवणाऱ्या सरकारांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. सामान्य माणसाला ते नीट उमजले २०१८ साली. फेसबुकवरील एक प्रश्नावली सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी भरली. पण फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिकाच्या हाती गेली असावी. उरलेल्यांचा अपराध एवढाच, की ते कोणाचे तरी मित्र होते!

साऱ्यांच्या वह्या एकाच धन्यापाशी नकोत, हा विचार त्याआधीच रुजू लागला होता. २०१६ साली जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुणाने मॅस्टडॉन सुरू केले. हजारो लहान घरे आणि प्रत्येकाचा कारभारी वेगळा, अशी त्याची रचना. आपण कोणाकोणाचे लेखन नेमाने घेतो, ती यादी पाहुण्यांपासून झाकण्याची सोयही तेथे आहे. परंतु दोन्ही घरांच्या कारभाऱ्यांना ती ओळख कळतेच. नाहीतर मजकूर पोचवायचा कोठे?

२०२० साली निघालेले नॉस्टर याहून पुढे गेले. तेथे प्रत्येकजण आपल्या लेखनावर स्वतःच्या किल्लीने शिक्का मारून ते अनेक 'रिलें'वर ठेवतो. ठिकाण बदलले तरी मित्र हरवू नयेत, म्हणून ओळखीची वहीही तशीच उघड्यावर ठेवली गेली. सोय झाली खरी. पण पूर्वी धन्याला दिसे ते आता येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांना दिसू लागले. एखाद्या वार्ताहराला गुप्त बातम्या पुरवणाऱ्याचे नाव तीत असेल, तर गोत्यात तो बिचारा येणार; आणि त्याला तर कोणी विचारलेलेही नसते. पुढे नाव खोडले, तरी जुन्या वहीची नक्कल ज्याने करून ठेवली त्याच्याकडून ती परत कशी मागावी?

मागाहून नावे कुलूपबंद ठेवण्याची युक्ती निघाली. युक्ती चांगली आहे. परंतु त्या माणसांचे लेखन वाचायचे, तर 'अमक्याचे आज काय आले?' असे रिलेला विचारावेच लागते. रोज तीच चाळीस नावे विचारणाऱ्याची वही कुलपात असली काय, नसली काय! चौकशी निरनिराळ्या रिलेंकडे वाटून करावी, म्हणजे सगळी नावे कोणा एकाला कळणार नाहीत, हा त्यावरचा एक उपाय. मात्र त्या रिलेंच्या चालकांनी आपापल्या नोंदी एकत्र करता कामा नयेत.