मुंबईच्या दुसऱ्या वाटेची गोष्ट

फेब्रुवारी 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज समुद्रतळाशी तार सोडत मुंबईहून एडनकडे निघालं. त्याच वर्षी तेहरानमार्गे लंडनला जाणारी सीमेन्सची तारही सुरू झाली. तुर्की मुलखातली जुनी वाट 1865 पासून होती, पण तिच्यावर संदेश दिवसच्या दिवस रखडत. आता एक वाट बंद पडली तरी हिंदुस्थान विलायतेपासून तुटणार नव्हता.

एक वाट बंद पडली की दुसरी धरण्याचं हे काम पुढे इंटरनेटच्या जमान्यात राउटरकडे, म्हणजे डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्राकडे आलं. 1998 मध्ये व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला. त्यात दोन राउटर एकच आयपी पत्ता वाटून घेतात. मुख्य राउटर दर सेकंदाला हजेरी लावतो. साधारण तीन सेकंद ती आली नाही, की राखीव राउटर कारभार हाती घेतो. ऑफिसातल्या लोकांना बहुधा पत्ताही लागत नाही. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या दोन लिंक असतील आणि दोन्ही चालू असतील, तर भार वाटताही येतो; मात्र एका संभाषणाची पॅकेट शक्यतो एकाच लिंकने पाठवतात, नाहीतर त्यांचा क्रम बिघडतो.

30 जानेवारी 2008 रोजी मात्र खरी परीक्षा झाली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी 4 आणि फ्लॅग या समुद्राखालच्या दोन्ही इंटरनेट केबल तुटल्या.

भारतातलं इंटरनेट रांगू लागलं. ज्यांनी दोन कंपन्यांकडून दोन लिंक घेतल्या होत्या, पण दोन्ही इजिप्तवरूनच जात होत्या, त्यांचे राउटर वळणार कुठे? अशी दुसरी लिंक म्हणजे राखीव लिंक नव्हेच. सेवादात्यांनी वाहतूक पूर्वेकडे, पॅसिफिकमार्गे वळवली.