मुक्तीनंतरची सात वर्षं: मोहन रानडे यांची शिक्षा

गोवा मुक्तिलढ्याची गोष्ट आपण १९ डिसेंबर १९६१ ला आणून थांबवतो. मोहन रानडे यांची गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून ती मला वेगळी वाटते.

रानडे मूळचे सांगलीचे. शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात दाखल झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची; पुढे रवानगी पोर्तुगालला, लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात. त्यापूर्वी १९४६ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना असंच पेनिशच्या किल्ल्यात धाडलं होतं. पोर्तुगालच्या लेखी गोवा हा त्यांच्याच देशाचा भाग, त्यामुळे ही फक्त तुरुंगाची बदली!

१९६१ नंतर पेच पडला. शिक्षा देणारी राजवट गोव्यातून गेली, पण कैदी तिच्याच ताब्यात राहिला. पोर्तुगालने गोव्याचं विलीनीकरण १९७४ पर्यंत मानलं नाही. राजनैतिक संबंध तुटलेले, कैदी परत आणण्याचा करार कुठला असणार? आपल्याकडे युद्धकैदी असलेले पोर्तुगीज सैनिक मे १९६२ मध्ये मायदेशी गेले, रानडे तिथेच. मग उरली ती रदबदली. सुधीर फडके यांनी सुटकेसाठी जिवापाड खटपट केली, मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. टेलो मास्कारेन्यस यांना तर १९७० उजाडलं.

आज यासाठी कायदा आहे. २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्यानुसार, करार असलेल्या देशातला आपला कैदी उरलेली शिक्षा भोगायला इथे आणता येतो. त्याला दोन्ही सरकारांची आणि खुद्द कैद्याची संमती लागते. तिथली शिक्षा आपल्या कायद्यात बसत नसेल तर ती बदलून घेता येते, पण वाढवता येत नाही.

पोर्तुगालही बदलला. २००५ मध्ये अबू सालेमला सोपवताना त्यांनी भारताकडून हमी घेतली: फाशी नाही, २५ वर्षांवर कैद नाही. इथे जन्मठेप झाली, तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द सरकारवर बंधनकारक ठरवला. कारण पोर्तुगालच्या आजच्या कायद्यात २५ वर्षं हीच कमाल कैद. रानड्यांना दिलेली २६ वर्षं आज तिथल्या न्यायालयालाही देता येणार नाहीत.

आपल्याकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्यांत अटकेची तारीख हमखास असते. माझी विनंती एवढीच, की सुटकेचीही लिहावी. कोणाची मुक्ती कधी झाली, ते त्यातूनच कळतं.