हुंड्याचे सोने, संत्रे आणि छडी : नाताळच्या मोज्यात काय काय भरले गेले?

१/
नाताळच्या आदल्या रात्री टांगल्या जाणाऱ्या मोज्याची कथा खेळण्यांपासून नव्हे, तर हुंड्यापासून सुरू होते. पुढे या मोज्यात परस्परविरुद्ध अशा दोन वस्तूंनी जागा मिळवली. एक म्हणजे कोणतीही अट न घालता दिलेले सोने आणि दुसरी म्हणजे वाईट वागल्याची शिक्षा म्हणून ठेवलेली छडी. मोज्यात काय भरावे, या साध्या प्रश्नाचा इतिहास म्हणजे या दोन वस्तूंमधील ओढाताणीचा इतिहास आहे. (थ्रेड)

२/
इसवी सनाच्या चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मायरा या नगरात निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. हे नगर आज देमरे या नावाने ओळखले जाते. निकोलस यांच्या काळातील लेखी पुरावा जवळजवळ नाहीच. जे सांगितले जाते, ते नंतरच्या शतकांत रचलेल्या चरित्रांवर आधारलेले आहे. त्या चरित्रांतील सर्वांत लोकप्रिय प्रसंग तीन बहिणींचा.

३/
एका सुखवस्तू गृहस्थाला दारिद्र्य येते. घरात तीन उपवर मुली आणि हुंड्यासाठी एक नाणेही नाही. हुंड्याविना लग्न जमत नाही. शेवटी मुलींना देहविक्रयास लावण्याचा विचार बापाच्या मनात येतो. हे निकोलस यांच्या कानी पडते. ते रात्रीच्या अंधारात येऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकतात आणि निघून जातात. थोरल्या मुलीचे लग्न होते. पुढे दुसरी थैली येते, मग तिसरी.

४/
तिसऱ्या वेळी बाप जागा राहतो, धावत जाऊन निकोलस यांना गाठतो आणि त्यांचे पाय धरतो. तेव्हा निकोलस त्याच्याकडून एकच वचन घेतात : आपण जिवंत असेपर्यंत ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही. मराठीत ज्याला गुप्तदान म्हणतात, ते हेच. या हाताचे त्या हाताला कळू नये आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये. मुली गुणी आहेत की अवगुणी, याची चौकशी या कथेत कोठेही होत नाही.

५/
मग मोजा कोठे आहे? जुन्या चरित्रांत तो नाहीच. तेथे खिडकी आहे, धुराडे नाही. शेकोटीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात सोने पडले, हा तपशील नंतरच्या सांगणाऱ्यांनी जोडला. चित्रकारांनी थैल्यांऐवजी सोन्याचे गोळे रंगवले. जेंतिले दा फाब्रियानो या इटालियन चित्रकाराने १४२५ मध्ये फ्लॉरेन्ससाठी रंगवलेल्या वेदीचित्रात निकोलस असेच गोळे खिडकीतून टाकताना दिसतात. मोज्याच्या टोकाशी ठेवले जाणारे संत्रे म्हणजे याच सोन्याच्या गोळ्यांची आठवण, असे पुढे सांगितले जाऊ लागले.

६/
संत निकोलस यांचा सण ६ डिसेंबरला. नेदरलँड्समध्ये त्याच्या आदल्या रात्री मुले आपले बूट मांडून ठेवत आणि सकाळी त्यांत खाऊ सापडे. यान स्टेन या डच चित्रकाराने १६६५ ते १६६८ च्या सुमारास रंगवलेले या सणाचे चित्र आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. त्यात एक लहान मुलगी बाहुली उराशी धरून उभी आहे, तर तिचा भाऊ रडतो आहे. कारण त्याच्या बुटात खाऊ नसून काटक्यांची छडी निघाली आहे.

७/
म्हणजे सतराव्या शतकापर्यंत भेट आणि शिक्षा एकाच घरात येऊन पोहोचल्या होत्या. पण स्टेनच्या चित्रात मागच्या बाजूला पाहावे. पलंगाच्या पडद्याआड उभी असलेली वृद्ध आजी त्या रडणाऱ्या मुलाला खुणेने जवळ बोलावते आहे. तिने पडद्यामागे त्याच्यासाठी काहीतरी लपवून ठेवले असावे, असा अर्थ बहुधा लावला जातो. छडी ठेवणाऱ्या घरातच छडीचा निकाल फिरवणारे माणूसही होते.

८/
बुटाची जागा मोज्याने घेतली, ती छापील रूपात ठळकपणे दिसते न्यूयॉर्कमध्ये. वॉशिंग्टन आयर्विंग यांनी १८०९ मध्ये न्यूयॉर्कच्या डच भूतकाळाचा एक विनोदी, बनावट इतिहास लिहिला आणि त्यातून संत निकोलस यांना त्या शहराचे लाडके दैवत बनवले. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १८१० रोजी, न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीचे एक संस्थापक जॉन पिंटार्ड यांनी संत निकोलस यांच्या सणानिमित्त एक सचित्र पत्रक छापवून घेतले.

९/
त्या पत्रकातील काष्ठमुद्रेत एका बाजूला निकोलस आहेत आणि दुसऱ्या बाजूला शेकोटी. शेकोटीपाशी दोन मोजे टांगलेले आहेत. एकात खेळणी आणि खाऊ, दुसऱ्यात छडी. वर भेटी मिळालेली हसरी मुलगी आणि तिच्याशेजारी रडणारा मुलगा. स्टेनचे घर जणू अटलांटिक ओलांडून आले. मात्र ही परंपरा डच वसाहतीपासून अखंड चालत आली, हे गृहीत धरता येत नाही. चार्ल्स जोन्स या अभ्यासकाने १९५४ मध्ये असे मांडले की न्यूयॉर्कचा हा निकोलस मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी घडवला.

१०/
पण मोजाच का? कारण तो प्रत्येकाच्या पायात होता. त्या काळचा मोजा गुडघ्यापर्यंत लांब, विणलेला आणि ताणला जाणारा असे. विल्यम ली या इंग्रज माणसाने १५८९ मध्येच मोजे विणण्याचे यंत्र बनवले होते. हिवाळ्यात ओले मोजे शेकोटीपाशी वाळत घालणे हे रोजचेच काम. नाताळसाठी वेगळी पिशवी शिवावी लागत नसे. शिवाय मोजा त्या त्या मुलाचा स्वतःचा असे, त्यामुळे कोणते काय कोणासाठी, हे लिहावे लागत नसे.

११/
१८२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठी एक छोटे सचित्र पुस्तक निघाले. त्यात सांताक्लॉज रेनडिअर जोडलेल्या घसरगाडीतून येतो, आणि तोही ६ डिसेंबरऐवजी नाताळच्या आदल्या रात्री. तो काय देतो, याची यादीच त्यात आहे : सफरचंद, गोड पाय, लाकडी बंदूक, रंगवलेली गाडी, बाहुली, भोवरा, चेंडू. फटाके मात्र नाहीत; ते डोळ्यांना इजा करतात, अशी काळजी तेव्हाही होती. आणि शेवटी, न ऐकणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी एक लांब काळी छडी.

१२/
दोनच वर्षांनी चित्र बदलले. २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या ‘सेंटिनल’ या वृत्तपत्रात संत निकोलस यांच्या भेटीवरची एक कविता निनावी छापली गेली. पुढे क्लेमेंट क्लार्क मूर यांनी ती आपली म्हणून स्वीकारली. या कवितेत निकोलस धुराड्यातून उतरतात, सगळे मोजे भरतात आणि निघून जातात. छडी नाही, चौकशी नाही, चांगले-वाईट अशी वर्गवारीही नाही. हीच कविता घरोघरी पोहोचली. मायराच्या खिडकीतले अंधारातले देणे असे पुन्हा मोज्यात आले.

१३/
आता संत्र्याकडे वळू. नागपुरी संत्र्यांचे ढीग हिवाळ्यात पाहणाऱ्या मराठी वाचकाला त्याचे अप्रूप वाटणार नाही. पण बर्फाने झाकलेल्या उत्तर अमेरिकेत डिसेंबरमधले ताजे संत्रे दुर्मीळ होते. ज्या फळाचे संस्कृत नाव ‘नारंग’ फारसी आणि अरबीतून युरोपात जाऊन ‘ऑरेंज’ झाले, ते अमेरिकी मुलाला वर्षातून एकदाच, मोज्याच्या टोकाशी मिळे. १८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स यांनी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे बिनबियांच्या संत्र्याची रोपे लावली. त्यानंतर फळ स्वस्त होत गेले, पण मोज्यातली त्याची जागा गेली नाही.

१४/
त्या काळच्या मोज्यात किती थोडके मावे आणि तेवढेच किती पुरे, हे लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या कादंबरीत दिसते. लेखिकेच्या बालपणावर आधारलेल्या या कथेत कुटुंब कॅन्ससच्या माळरानावर राहते. नदीला पूर आलेला असतो. शेजारी तो पार करून मुलींचा नाताळ घेऊन येतो. प्रत्येकीच्या मोज्यात निघते ते एवढेच : पत्र्याचा पेला, पेपरमिंटची कांडी, हृदयाच्या आकाराचा छोटा केक आणि टोकाशी एक सेंटचे चकचकीत नाणे. आजवर एकाच पेल्यातून पाणी पिणाऱ्या बहिणींना आता स्वतःचा वेगळा पेला मिळतो.

१५/
छडी मात्र पूर्णपणे गेली नव्हती. थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८७१ मध्ये ‘हार्पर्स वीकली’साठी सांताक्लॉजची टपाल पाहतानाची मुद्रा रेखाटली. त्याच्यापुढे पत्रांचे दोन गठ्ठे आहेत. एक चांगल्या मुलांच्या पालकांचा, दुसरा खोडकर मुलांच्या पालकांचा. आणि दुसरा कितीतरी उंच आहे. १९३४ च्या एका गाजलेल्या नाताळगीताने सांताच्या हाती चांगल्या-वाईट मुलांची यादीच दिली. इटलीत ६ जानेवारीला येणारी बेफाना ही म्हातारी खोडकर मुलांच्या मोज्यात कोळसा ठेवते. आता तो काळ्या रंगाच्या साखरेचा असतो. शिक्षा गोड झाली आणि खाऊनही टाकता येऊ लागली.

१६/
पण यादीच्या या कल्पनेत एक क्रूर तर्क दडला आहे. चांगल्या मुलांचे मोजे भरतात, असे एकदा ठरले, की गरीब घरातल्या रिकाम्या मोज्याचा अर्थ काय उरतो? आईबापांकडे पैसे नव्हते, हे मुलाला ठाऊक नसते. त्याला वाटते, आपण वाईट वागलो. ज्या कथेचा आरंभच दारिद्र्यातल्या मुलींची अब्रू झाकण्यापासून झाला, तिच्या नावाने दारिद्र्यच अपराध ठरू लागले.

१७/
हा पेच तेव्हाच्या लेखकांनाही जाणवला असावा. सुझन आणि ॲना वॉर्नर या न्यूयॉर्कच्या भगिनींनी १८५० च्या दशकात कार्ल क्रिंकेन नावाच्या गरीब मुलाची आणि त्याच्या नाताळच्या मोज्याची गोष्ट लिहिली. कार्लच्या मोज्यात दुकानातून आणलेली महागडी वस्तू नाही. आहेत त्या घरातल्या, जुन्या, क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी. पण त्यांतील प्रत्येक वस्तू त्याला स्वतःची कहाणी सांगते. मोजा अशा रीतीने भरतो, आणि त्यासाठी मुलाच्या वागणुकीचा हिशेब मांडावा लागत नाही.

१८/
प्रत्यक्ष जीवनातही उपाय शोधले गेले. सांताक्लॉजच्या नावे मुलांनी लिहिलेली पत्रे अमेरिकेच्या टपाल खात्यात साठत असत. त्यांवर कोणाचाच पत्ता नसल्याने ती पोहोचवणार कोठे? १९१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी टपाल कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना ती पत्रे उघडून त्यांना उत्तर देण्याची मुभा दिली. कोणा अनोळखी मुलाचे पत्र वाचायचे, त्याने मागितलेली वस्तू पाठवायची आणि श्रेय सांताला द्यायचे. निकोलस यांनी त्या बापाकडून घेतलेले वचन येथे पुन्हा पाळले जाऊ लागले.

१९/
दोन वर्षांनी, महायुद्धातल्या पहिल्या नाताळाला, ब्रिटनने सैनिकांसाठी मोज्याच्या जागी पितळी डबी पाठवली. सतरा वर्षांच्या राजकन्या मेरी यांच्या नावे उभारलेल्या निधीतून ती तयार झाली. तंबाखू ओढणाऱ्यांसाठी तंबाखू आणि सिगारेट. न ओढणाऱ्यांसाठी गोळ्या आणि लेखनसाहित्य. हिंदी पलटणींसाठी वेगळा विचार झाला. शीख सैनिकांच्या डबीबरोबर तंबाखू नव्हता. खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी होती. साम्राज्याच्या या भेटीत राजकारण होतेच. पण ज्याला द्यायचे तो कोण आहे, हे आधी पाहावे लागते, एवढे तिने ओळखले होते.

२०/
श्रीमंत घरातही मोज्याने आपली मर्यादा सोडली नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या पत्रात व्हाइट हाउसमधली सकाळ वर्णिली आहे. आईवडिलांच्या खोलीतल्या शेकोटीवर सहा मुलांचे सहा मोजे वेडेवाकडे फुगलेले, आणि मुले पहाटेच दार ठोठावत आहेत. मोठ्या भेटी दुसऱ्या खोलीत होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या घरीही दिवसाची सुरुवात मात्र मोज्यापासून झाली.

२१/
पुढे सजावटीचे तयार मोजे बाजारात आले आणि पायात घालायच्या मोज्याशी असलेले त्यांचे नाते तुटले. तरी कुटुंबासाठी मोजे भरताना आजही जुनाच क्रम अनेक घरांत पाळला जातो : टोकाशी संत्रे, त्याच्याजवळ एखादे नाणे, वर सुका मेवा आणि गोड कांडी, मग रोज उपयोगी पडेल अशी एखादी छोटी वस्तू, आणि सर्वांत वर डोकावणारे खेळणे. सोन्याचा गोळा, हुंड्याचे नाणे, माळरानावरचा पेला, सारे त्यात ओळखता येते.

२२/
छडी आता क्वचितच दिसते. स्टेनच्या चित्रातली आजी आणि मायराचे बिशप यांचीच रीत बहुतेक घरांनी स्वीकारली. मोठ्या भेटींवर देणाऱ्याचे नाव असते, कृतज्ञता अपेक्षित असते. मोज्यातल्या वस्तूंवर मात्र सहसा कोणाचेच नाव नसते. रात्री कोणीतरी येऊन गेले, एवढेच सकाळी कळते. (समाप्त)