मॉनिटर, कुर्ला आणि पंधरा पिना

लॅपटॉपला जोडायला मॉनिटर घ्यायचा म्हटलं की आपण आधी इंच मोजतो. मंडळी, आधी मागचे पोर्ट बघा. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ सोबत व्हीजीए आणलं आणि ते पंधरा पिनांचं कनेक्टर पुढे पंचवीसेक वर्षं टिकलं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो वगैरेंनी २०१५ पर्यंत ते बंद करायचं जाहीर केलं. मग धडधाकट मॉनिटरही निव्वळ वायरीपायी अडगळीत जायला लागले.

आणि अडगळ जाते कुठे? आपल्या कुर्ल्यात! कुर्ला-साकीनाक्याच्या भंगारवाल्यांकडे मुंबईचे जुने कॉम्प्युटर फुटतात, बरेचदा नुसत्या हातांनी. सीआरटीच्या काचेत शिसं, तेही किलोच्या हिशेबात. ई-कचऱ्याचे नियम लागू झाले १ मे २०१२ ला. तोवर नव्या विक्रीत एलसीडी कधीच पुढे गेला होता.

असो. टाईप-सी (२०१४) मध्ये एकाच वायरीतून चित्र आणि चार्जिंग दोन्ही होतं, पण तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट चित्र देतो का ते तपासा. सगळे देत नाहीत. २७ इंची फुल एचडी तर घेऊच नका, इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. २४ इंची १९२०×१२०० वर ९४ मिळतात, शिवाय कोडच्या पाच-सहा ओळी जास्त दिसतात. सोबत एचडीएमआयही असू द्या.